निकाल लागलाय, निर्णयाची घाई नको

प्रश्न : प्रवेश परीक्षेत सलग दुसऱ्यांदा थोडक्यात संधी हुकली. मैत्रिणी पुढे गेल्या. घरचे म्हणतात, ‘पॉझिटिव्ह राहा.’ पण पुस्तक उघडलं की रडू येतं. मैत्रिणींचे मेसेज बघवत नाहीत आणि मग स्वतःचीच लाज वाटते. मी कशाच्याच लायकीची नाही. हे क्षेत्र सोडून द्यावं का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : सोडावं की नाही, ते आज मी सांगणार नाही आणि तूही ठरवू नकोस. पुढच्या अर्जाची शेवटची तारीख तेवढी बघून ठेव. तोपर्यंतचा वेळ तुझा आहे.

‘पॉझिटिव्ह राहा’ असं घरचे काळजीपोटीच म्हणतात. पण वाईट वाटतंय त्या माणसाला वाईट वाटून घेऊ नकोस म्हटलं, की दुःख तर जात नाहीच, वर अपराधीपणाची भर पडते. तेव्हा रड खुशाल. दोनदा जीव तोडून अभ्यास केल्यावर रडू येणारच.

मैत्रिणींच्या मेसेजचं मात्र नीट बघू. नेमक्या कोणाचा मेसेज उघडवत नाही? तुला हवा होता तोच अभ्यासक्रम जिला मिळाला, तिचा? मग ती ओढ तुझ्यात अजून शाबूत आहे. की कुठे का होईना, जी जी मार्गी लागली त्या प्रत्येकीचा? तसं असेल तर दुखतंय ते मागे राहिल्याचं, आणि त्यावर क्षेत्र बदलणं हा उपाय नव्हे. हेवा वाटला म्हणून लाजू नकोस. आपल्याला काय हवंय ते इतक्या खरेपणाने सांगणाऱ्या भावना फार थोड्या असतात. निदान माझ्यापुढे येणारी मुलं आवडीनिवडीच्या प्रश्नावलीपेक्षा हेव्याबद्दल जास्त खरं बोलतात.

आता ‘लायकी’बद्दल. घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये आपण त्या घटनेचा लावलेला अर्थ असतो, हे मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकापासून आग्रहाने मांडलं. तुझ्या बाबतीत गुण कमी पडले ही घटना. ‘कशाच्याच लायकीची नाही’ हा तू लावलेला अर्थ. एका परीक्षेवरून थेट ‘कशाच्याच’? वहीत पानाच्या डावीकडे काय घडलं ते लिही, उजवीकडे त्यावर मन काय म्हणालं ते. उजवीकडचं प्रत्येक वाक्य डावीकडच्या पुराव्यावर टिकतं का, ते तपास.

लिहिल्यावर लगेच हलकं वाटेल असं नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या 1986 च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहिलं. ज्यांनी घटनेसोबत भावनाही लिहिल्या, त्यांना लिहून झाल्यावर आधी जास्तच उदास वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. म्हणून पहिल्याच दिवशी वही मिटून टाकू नकोस.

मात्र दोन आठवडे झोप, भूक उडालेलीच राहिली, कशातच मन लागेना, तर वहीवर भागवू नकोस, डॉक्टरांना भेट. आणि जगणंच नको असा विचार मनात डोकावला, तर त्याच क्षणी घरातल्या मोठ्या माणसाला सांग, एकटी राहू नकोस.

महिन्याभराने मला पुन्हा लिही. सोबत दोन्ही वेळचे विषयवार गुण पाठव. कुठल्या विषयात पुढे सरकलीस आणि कुठे अडलीस, ते बघून मग क्षेत्राचं बोलू.