मिहानमध्ये (विमानतळाजवळच्या औद्योगिक परिसरात) नोकरी, सोबत लॅब्रेडॉर. नागपुरात तलावाजवळ भाड्याचं घर कुठे मिळेल?

तुमच्यासाठी मी आधी सोनेगाव तलावाचा परिसर बघेन. सहकारनगर, भेंडे लेआउट इथून वर्धा रोड जवळ, म्हणजे मिहानला जाणं सोपं. फुटाळा आणि अंबाझरी हे तलाव फिरायला सुंदर आहेत, पण तिथून मिहानला जायला रोज जास्त अंतर पडेल.

अंबाझरीकडे घर घेतलंच, तर तळमजला नको. २३ सप्टेंबर २०२३ ला तलाव ओसंडून अंबाझरी लेआउट आणि आसपासच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं. घर बघताना शेजाऱ्यांना विचाराच, पाणी कुठवर चढलं होतं.

फ्लॅटपेक्षा स्वतंत्र घरातला वरचा ब्लॉक शोधा. तिथे एकट्या घरमालकाला पटवायचं असतं, सोसायटीला नाही. कुत्रा लपवून घर घेऊ नका, पुढे त्या मुक्या जिवाचेच हाल होतात. पहिल्या भेटीलाच त्याला सोबत न्या, लसीकरणाचं कार्ड दाखवा आणि ‘कुत्रा ठेवण्यास परवानगी’ हे ११ महिन्यांच्या करारात लिहून घ्या. करार नोंदवलेलाच हवा.

गच्चीखालची खोली मे महिन्यात भट्टी होते, पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर लावायला खिडकी आहे का, ते बघा. उन्हाळ्यात कुत्र्याला तलावावर पहाटे किंवा अंधार पडल्यावरच न्या, डांबराने पंजे भाजतात. आणि साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. त्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोलून घ्या.