दुःख सोसलं की देवाची कृपा मिळते, असं ख्रिस्ती लोक मानतात का?

तुमचा धंदा बसला, आणि ख्रिस्ती मित्रानं सांगितलं की निमूट सोस, देवाशी एकनिष्ठ राहा, मग कृपा होईल. हे खरंच आमच्या धर्मात आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकचा, घरातच ख्रिस्ती संस्कारात वाढलेला. पाळक नाही, रविवारी उपासनेला बसणारा साधा माणूस. माझ्या मते मित्राच्या मनात खोट नाही, पण त्यानं क्रम उलटा सांगितला. आधी कृपा, म्हणजे लायकी न बघता देवानं दिलेली माया; निष्ठा मागाहून.

आपल्या शरणपूर रोडचंच घ्या. आज तिथं दुकानं आणि ट्रॅफिक. एकोणिसाव्या शतकात तिथं चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत होती. गुलामांची गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात पकडायचं. त्यांतून सुटलेली काही आफ्रिकी मुलं इथं आणली जात, शाळेत बसवली जात, सुतारकाम-लोहारकाम शिकवलं जाई. त्यांतला एक जेकब वेनराइट. त्याला गलबतातून काढताना कुणी विचारलं नव्हतं की बाबा रे, तुझी लायकी काय. (मिशनच्या सगळ्याच कारभाराचं मी कौतुक करतोय असं समजू नका, त्यात साहेबी तोराही भरपूर होता.)

पुढे जेकब आफ्रिकेत फिरणारा मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या तुकडीत गेला. 1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या एका गावी वारला. चुमा, सुसी हे त्याचे आफ्रिकी सोबती, जेकब आणि बाकीच्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. दफनाची प्रार्थना जेकबनं वाचली, झाडावर नावही त्यानंच कोरलं. मग मीठ लावून उन्हात वाळवलेला देह सालीत गुंडाळून ही माणसं किनाऱ्याकडे निघाली. दीड हजार किलोमीटरच्या वर चाल. वाटेत भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्यानं सांगितलं, इथंच पुरून टाका. त्यांनी ऐकलं नाही. फेब्रुवारी 1874 मध्ये ते किनाऱ्याला लागले, आणि 18 एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीसोबत चालणाऱ्यांत नाशिकच्या शाळेतला हा जेकब होता. सुटका तर त्याची कधीच झाली होती. ती मिळवण्यासाठी ही पायपीट नव्हती.

आता उलट उदाहरण, निष्ठेत सपशेल नापास झालेला येशूचा शिष्य पेत्र. येशूला पकडून नेलं त्या थंडीच्या रात्री वाड्याच्या अंगणात कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा असताना तो येशूची ओळख तीनदा नाकारतो. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी पुन्हा कोळशांचाच विस्तव, त्यावर मासे, शेजारी भाकर. येशू आधी सगळ्यांना न्याहारीला बोलावतो, आणि खाणं झाल्यावर मग पेत्राला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? तिसऱ्यांदा पेत्र कळवळतो. तरी मेंढरं सांभाळायचं काम त्यालाच मिळतं. तारण, म्हणजे देवानं माणसाला वाचवणं, हे काय असतं ते मला मोठमोठ्या प्रवचनांपेक्षा या न्याहारीतून जास्त कळलं.

माझी नोकरी गेली तेव्हा मंडळीतले काहीजण म्हणाले, देव परीक्षा घेतोय. डोकं फिरायचं. उपयोगी पडल्या त्या मागच्या बाकावरच्या एक मावशी. एक शब्द न बोलता महिन्याचा किराणा ठेवून गेल्या. तेव्हा तर मी उपासनेलाही जात नव्हतो.

म्हणून सांगतो, कर्ज असेल तर आधी बँकेत जाऊन हप्त्यांचं बोला, ते नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका. मित्राला तोडू नका. आणि तो पुन्हा ‘सोस’ म्हणाला, तर बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय त्याच्यासोबत बसून वाचा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही, त्यांचंही नाही. मग जमिनीवर थुंकून चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि सांगतो, जा, तळ्यावर धुऊन ये.