भीमा खोऱ्यातली वीजधरणं खासगी कंपनीकडून सरकारने घेतली तर सोलापूरचा पाणीप्रश्न सुटेल का?

तुम्ही विचारलंय की मुळशी-लोणावळ्याची वीजधरणं टाटा कंपनीकडे आहेत, ती सरकारने ताब्यात घेतली तर ते पाणी भीमेवरच्या उजनी धरणात येऊन सोलापूरची तहान भागेल का. नुसती ताब्यात घेऊन भागणार नाही. धरणाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे यापेक्षा कोणत्या महिन्यात किती पाणी कोणत्या बाजूला सोडायचं हे कोण ठरवतं, आणि ठरवताना खालच्या गावाला कुणी विचारतं का, याला जास्त महत्त्व आहे. असं का म्हणतो ते सांगतो.

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला भौतिकशास्त्र शिकवतो. घरची चार एकर जमीन मोहोळ तालुक्यात भीमेकाठी आहे, ती वडील बघतात. २०२४ मध्ये उजनी जानेवारीतच मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाच्या साठ्यावर आली, आणि जूनपर्यंत उणे साठ टक्क्यांच्या आसपास उतरली. त्या उन्हाळ्यात शहराच्या पिण्यासाठी नदीत पाणी सोडलं. आमच्या मळ्याला लागून नदी वाहत होती आणि नेमकी तेव्हाच नदीकाठच्या मोटारींची लाईट दोन तासांवर आणली. कारण मला मान्य आहे: काठावरच्या सगळ्यांनी उपसलं असतं तर शहर जिथून पाणी उचलतं त्या टाकळीच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी पोचलंच नसतं आणि शहर कोरडं राहिलं असतं. पण पाणी कधी सोडणार, लाईट किती दिवस तुटणार, हे महिनाभर आधी कुणी सांगितलं असतं तर वडिलांनी जनावरांसाठी कडवळ पेरलंच नसतं. समोर पाणी वाहताना ते कडवळ वाळलं. हे सगळं सरकारी धरणातून, सरकारी निर्णयाने झालं. म्हणून ‘सरकारकडे आलं की सुटलं’ हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

आता वरच्या बाजूला चला. लोणावळा, वळवण, शिरवटा, ठोकरवाडी, मुळशी ही धरणं भीमेच्याच खोऱ्यातली. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते, मुळा पुण्यात मुठेला भेटून पुढे भीमेत येते. हे पाणी मोकळं सोडलं असतं तर उताराने उजनीत आलं असतं. त्याऐवजी ते सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला खोपोली, भिवपुरी आणि भिरा इथल्या वीजघरांत उतरवलं जातं. खोपोली १९१५ ला सुरू झालं, भिवपुरी १९२२ ला, भिरा १९२७ ला, आणि वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. मुळशीसाठी जमिनी इंग्रज सरकारने कंपनीच्या वतीने संपादित केल्या. त्याविरुद्ध १९२१ पासून मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्याने दिली. धरण झालंच. खासगी की सार्वजनिक हा वाद आपल्याकडे शंभर वर्षं जुना आहे तो असा.

किती पाणी जातं? कृष्णा खोऱ्याचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने टाटांच्या या प्रकल्पांना मर्यादा घातली: एका वर्षात ५४.५ टीएमसीपेक्षा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त नाही आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसीपेक्षा जास्त नाही. म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठाच ५३.५७ टीएमसी आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सोलापूरकराच्या पोटात तुटतं ते का, हे कळतं.

पण त्या पाण्याची वीज किती होते, हेही बघायला हवं. वर्गात मी हे गणित दरवर्षी फळ्यावर घालतो. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. घाटातून ते साधारण पाचशे मीटर खाली पडतं. यंत्रांची तूट धरूनही एका टीएमसीला सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज मिळते. उजनीच्या पायथ्याशीही १२ मेगावॅटचं वीजघर आहे, साधारण १६०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला १६०० घनफूट, पाणी त्यातून नदीत जातं. तिथे उंची इतकी कमी आहे की त्याच एका टीएमसीला वीस-एकवीस लाख युनिटच मिळतात. पंधरापट फरक. तेच एक टीएमसी सोलापूर शहराला दिलं, रोज दीडशे दशलक्ष लिटर धरलं, तर सहा महिने पुरेल. उसाला दिलं तर, कालव्याची गळती सोडून, तीनेक हजार एकर वर्षभर भिजेल. यातलं काय मोठं, हे गणित ठरवू शकत नाही. ते लोकांनी ठरवायचं असतं, आणि म्हणूनच हा निर्णय कुठल्याही एका कंपनीच्या किंवा एका खात्याच्या बंद खोलीत होता कामा नये.

सरकारी मालकीचा दाखला हवा असेल तर कोयना बघा. धरण राज्याचं, वीजघरं राज्याच्या कंपनीची, एकूण १९६० मेगावॅट. तरीही लवादाने मोकळीक दिलेलं ६७.५ टीएमसी पाणी तिथूनही पश्चिमेलाच, वाशिष्ठीत जातं. मालक बदलला म्हणून उतार बदलत नाही. पण एक फरक खरा आहे आणि तो लहान नाही. २०२३ ला पाऊस कमी झाला तेव्हा कोयनेच्या वीजनिर्मितीच्या पाण्याला कात्री लावून सातारा-सांगलीच्या सिंचनाला पाणी राखलं गेलं. तिथल्या लोकांनी मंत्र्याला धारेवर धरलं आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागलं. कंपनीला असं धारेवर कुठे धरणार? तिच्याकडे करार असतो, आणि करार कधी दुष्काळ बघून लिहिलेला नसतो.

उलट उदाहरणही आहे. भंडारदऱ्याचं वीजघर सरकारने खासगी कंपनीला चालवायला दिलं, पण प्रवरेचं पाणी सिंचनाच्या आवर्तनाप्रमाणे सुटतं आणि जाता जाता टर्बाइन फिरवतं. अशी मांडणी असेल तर यंत्र कुणाचं यावर मी एक शब्दही भांडणार नाही. वीजकंपनीला धरण भरलेलं आवडतं, कारण उंची जास्त. आणि तिला पाणी संध्याकाळी सोडायला आवडतं, कारण तेव्हा विजेला भाव. शेतकऱ्याला संथ, सलग पाळी हवी. पंढरपूरला पुराच्या दिवसांत धरणात रिकामी जागा हवी. या तिघांचं भांडण सोडवणारा दरवाजावरचा हात लोकांना जबाबदार असलाच पाहिजे.

‘मग पश्चिमेचं पाणी उद्यापासून बंद करा’ असं आमच्याकडे सभेत म्हटलं की टाळ्या पडतात. मी टाळी वाजवत नाही. शंभर वर्षांत त्या सोडलेल्या पाण्यावर घाटाखाली दुसरी वस्ती उभी राहिली आहे. भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत जातं, भिवपुरीचं उल्हास नदीत, आणि उल्हासवर बदलापूर, उल्हासनगर, कल्याणपर्यंतची माणसं पाणी पितात. त्यांची तहान आपल्यापेक्षा खोटी नाही. शिवाय पूर्वेला वळवलेलं पाणी आधी पुण्यातून येणार, तिथे किती अडणार आणि किती सांडपाणी होऊन उतरणार, हेही बघायला हवं. आणि इथे आल्यावर? जिल्ह्यातल्या इतक्या साखर कारखान्यांच्या उसाला ते पाजायचं असेल, तर ४२ काय ८० टीएमसी आलं तरी मे महिन्यात शहराला चार दिवसांआड पाणी येईल. हे बोललं की गावात लोक नाराज होतात. आमच्याही दोन एकरांत ऊस आहे, म्हणूनच बोलतो.

मला खरी वाट दिसते ती दुसरीकडे. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात भिवपुरीला १००० आणि शिरवट्याला १८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार झाला. उदंचन म्हणजे वीज स्वस्त असताना खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि महाग असताना तेच पुन्हा खाली सोडायचं. यात घेतलेल्या विजेपेक्षा मिळणारी वीज कमीच असते, पण पाणी फिरतं राहतं. संध्याकाळच्या मुंबईला लागणारी वीज फिरत्या पाण्यातून मिळू लागली, तर नवं पाणी घाटाखाली टाकण्याची गरज तेवढी कमी व्हायला हवी. सोलापूरने मागायचं ते हे: या नव्या प्रकल्पांच्या अटींमध्ये लिहून घ्या की कमी पावसाच्या वर्षी कोकणातल्या पिण्याचा वाटा बाजूला काढून उरलेलं पाणी पूर्वेला सुटेल, किती तूट पडली की किती सुटेल हे आकड्यात असेल, आणि बोगद्यातून पश्चिमेच्या वीजघरांकडे रोज गेलेलं पाणी त्याच दिवशी जाहीर होईल. धरण कंपनीकडेच राहिलं तरी चालेल.

२०२४ पासून मी एक वही ठेवली आहे. उजनीची रोजची टक्केवारी, दौंडहून धरणात येणारी आवक, कालव्याचा आणि नदीचा विसर्ग असे रकाने आहेत. हे आकडे सकाळी मोबाईलवर येतात आणि वडील चहा पिता पिता मला वाचून दाखवतात. शेवटचा रकाना ‘पश्चिमेला गेलेलं’ असा आखला आहे. तो अजून कोरा आहे.