घोड्याचे पाय वर, पण राजा अंथरुणातच गेला

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या पीटर द ग्रेटच्या पुतळ्यात घोड्याचे पुढचे दोन्ही पाय वर आहेत, म्हणजे पीटर लढाईत पडला का, आणि रशियाच्या राजाचा पुतळा करायला फ्रेंच माणूस कशाला, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. पीटर १७२५ मध्ये आजारपणात गेला. पायांवरून मरण ओळखायचं ते व्हॉट्सअ‍ॅपवरचं शास्त्र सोडून द्या.

शिल्पकार एत्येन मोरिस फाल्कोने, जन्म पॅरिस, १७१६. फ्रान्समधल्या सेव्ह्रच्या चिनीमातीच्या कारखान्यात तो शिल्पविभाग सांभाळायचा. तिथलं काम म्हणजे टेबलावर मावतील अशा नाजूक मूर्ती! मग फ्रेंच माणूस कशाला? पुतळा करवून घेणाऱ्या रशियाच्या कॅथरीन राणीला त्याचं नाव सुचवलं फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने. १७६६ मध्ये, पन्नाशीला आलेला हा गृहस्थ रशियाला निघाला. सोबत त्याची अठरा वर्षांची शिष्या मारी-आन कोलो. पीटरचा चेहरा त्याला काही साधेना, तो शेवटी तिने घडवला. हे फार कमी लोक सांगतात.

चबुतऱ्याचा दगड सेंट पीटर्सबर्गजवळच्या लाख्ताच्या दलदलीत सापडला, मूळ वजन सुमारे पंधराशे टन. जमीन गोठल्यावर पन्हळींमध्ये ब्राँझचे गोळे ठेवून त्यावरून तो सरकवत समुद्रापर्यंत नेला. इशारा द्यायला ढोलवाले दगडावरच उभे, आणि पाथरवटांच्या छिन्न्या वाटेतही चालूच.

१७७५ मध्ये पुतळा ओतताना नळी फुटली, वितळलेल्या ब्राँझचा रस बाहेर आला, आग लागली. बाकीचे पळाले, येमेल्यान खाइलोव्ह हा ओतारी मात्र जागचा हलला नाही, म्हणून काम वाचलं. वरचा भाग बिघडला होता, तो १७७७ मध्ये पुन्हा ओतला.

आता तुमचे ते पाय. एवढं धूड मागच्या दोन पायांवर कसं तोललं? पुढच्या अंगाचं ब्राँझ पातळ, मागचं जाड, आणि शेपूट खालच्या सापाला टेकलेली. साप म्हणजे पीटरचे शत्रू, असं सांगतात. खरं तर तो तिसरा टेकू आहे.

कामावर देखरेख करणाऱ्या बेत्स्कोय या दरबाऱ्याशी फाल्कोनेचे सतत खटके उडायचे. १७७८ मध्ये फाल्कोने रशिया सोडून गेला. पुतळ्याचं अनावरण १७८२ मध्ये झालं, ते त्याने पाहिलंच नाही. दगडावर नावं फक्त पीटर आणि कॅथरीनची. त्याचं हवं असेल तर पीटरच्या झग्याच्या घडीत शोधा, ‘पॅरिसकर’ म्हणून कोरलंय.