रेकॉर्डिंग झालं, प्रत कुठे आहे?

संशोधक आणि गावातले कलावंत यांच्यातल्या व्यवहाराबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. त्यातले पाच या वेळी घेतले आहेत.

प्रश्न: पीएच.डी. करणारी एक मुलगी आमच्या दशावताराचं चित्रीकरण करू इच्छिते. करू द्यावं का?

उत्तर: द्यावं. विद्यापीठाचं पत्र आणि मार्गदर्शकांचं नाव आधी बघून घ्या.

प्रश्न: संशोधनासाठी म्हणून एका संस्थेने आमचा गोंधळ रेकॉर्ड केला आणि यूट्यूबवर टाकला. सगळे म्हणतात, लोकगीताला मालक नसतो, त्यामुळे आपल्याला काही बोलता येणार नाही.

उत्तर: हे ‘सगळे’ भेटले तर माझ्याकडे पाठवा. गाणं परंपरेचं असेल, सादरीकरण तुमचं आहे. कॉपीराइट कायद्यात 1994 च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला स्वतंत्र हक्क मिळाले. त्याच्या व्याख्येत गायक-नर्तकांसोबत कसरती करणारे आणि गारुडीसुद्धा आहेत, मग गोंधळी कसा वगळला जाईल? हे हक्क 50 वर्षं टिकतात. निव्वळ संशोधन किंवा अध्यापनासाठी रेकॉर्डिंग करायला कायदा सूट देतो, पण जाहिराती दाखवून पैसे मिळवायला नाही. मात्र तुम्ही कशावर सही केली आहे ते पाहिल्याशिवाय मी ठाम काही सांगणार नाही. चित्रफितीसाठी लेखी संमती दिली असेल तर तिच्या वापराला हरकत घेणं अवघड जातं. सगळे कागद घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो. आणि याच महिन्यात जा. ‘जत्रेचा हंगाम संपू दे’ म्हणत लोक वर्षं घालवतात.

प्रश्न: मी वारली चित्रं काढतो. एजंट म्हणतो, पैसे भरा, जीआयमधून (भौगोलिक मानांकनातून) कॉपीराइट तुमच्या नावावर करून देतो.

उत्तर: एक रुपयाही देऊ नका. जीआय आणि कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जीआय त्या भागातल्या सगळ्या कारागिरांसाठी असतो. स्वतःहून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट चित्र काढलं तेव्हाच तुमचा झाला, त्याला नोंदणीची सक्ती नाही. खरा धोका वेगळाच आहे. कुणी पैसे देऊन चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केला नाही, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याकडे जातो. विद्यापीठाच्या प्रकल्पात चित्र काढायला बोलावलं, तर कॉपीराइट तुमच्याकडेच राहील असं काम सुरू करण्याआधी लिहून घ्या आणि तो कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न: वीसेक वर्षांपूर्वी आईने एका महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या होत्या. आई गेली. आवाज मागितला तर ‘टेप शोधावी लागेल’ एवढंच उत्तर मिळतं.

उत्तर: असल्या टेपच्या डब्या मी पाहिल्या आहेत. वर लिहिलेलं असतं: ‘लोकगीते, महिला, बाजू अ’. गाणारीचं नावच नाही, तर तिची मुलगी दारात उभी राहिल्यावर ग्रंथपाल शोधणार काय? संकलकाचं नाव मात्र प्रबंधाच्या पहिल्या पानावर ठळक. आणि हे सगळीकडे असंच चालतं, अशी सबब मला सांगू नये. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून उभारलेल्या संग्रहात लाखाहून अधिक ओव्या आहेत, त्याही गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नोंदीसह. आज तो ठेवा ‘पारी’ने (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळाने) लोकांसमोर आणला आहे. गुरुग्रामच्या एआरसीई या संगीतसंग्रहाने राजस्थानातल्या कलावंतांबरोबर आणि गोव्यात भागीदारीचं काम केलं, ते संग्रहातलं साहित्य त्या त्या समाजाच्या हाती पडावं म्हणून. करायचं ठरवलं तर होतं. आपल्याकडे प्रबंध जमा झाला, पदवी मिळाली की गावाचा रस्ता विसरतात.

तुम्ही प्राचार्यांना लेखी अर्ज द्या. आईचं नाव, गाव, साधारण साल, आलेल्या प्राध्यापकांचं नाव आणि सोबत बसलेल्या बायकांची नावं लिहा. पोच घ्या. महाविद्यालय सरकारी किंवा अनुदानित असेल, तर टेप कुठे आहे हे माहितीच्या अधिकारातही विचारता येईल. फार थांबू नका, टेपला बुरशी लागते. सापडली तर घरच्या टेपरेकॉर्डरवर लावून बघण्याचा मोह आवरा. चिकटलेली फीत एकदा तुटली की पंचाईत. आधी ध्वनिसंग्रहातल्या जाणकाराला दाखवा.

आता सह्या करणाऱ्यांनीही ऐका: संमतिपत्र मराठीत मागा, आणि प्रत किती दिवसांत, कोणाच्या हातात मिळणार ते त्यात लिहून घ्या. ‘कायमस्वरूपी सर्व हक्क’ असं दिसलं तर पेन खाली ठेवा आणि वकिलाला फोन करा.

प्रश्न: एक प्राध्यापक अनुदानाच्या प्रस्तावात आमच्या तमाशा फडाचं नाव ‘भागीदार’ म्हणून टाकणार आहेत. लेटरहेडवर पत्र मागतात. देऊ का?

उत्तर: अंदाजपत्रकाचं पान दाखवा म्हणावं. कलावंतांचं मानधन वेगळं दाखवलेलं नसेल आणि तुमची सोय ‘चहापान व किरकोळ’मध्ये लावली असेल, तर पत्र देऊ नका. मानधन असेल तर तारखा बघा. फड फिरतीवर असताना त्यांनी चार दिवस मागितले, तर बुडालेल्या सुपाऱ्यांची भरपाईही त्याच अंदाजपत्रकात हवी. पत्राचा मसुदा मात्र सहीआधी जाणकाराकडून तपासून घ्या.