स्लिप शब्दाची सुरुवात कुठून करायची

भाऊ, डिक्शनरीत स्लिपचे ढीगभर अर्थ बघून घाबरू नका, सगळे आत्ता लागतच नाहीत. कापूस विकायला नेला की काट्यावर वजनाची मिळते ती स्लिप आणि पाय घसरतो ती स्लिप, हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत, ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही वेगवेगळेच दिलेत, म्हणून ओढूनताणून नातं जोडू नका.

घसरण्यातले आधी एवढेच घ्या:
- इट स्लिप्ड माय माइंड: डोक्यातून निघूनच गेलं. नवीन माणूस इथे 'आय स्लिप्ड' करून टाकतो, तसं नाही, विसरलेली गोष्टच स्लिप होते
- स्लिप ऑफ द टंग: बोलायचं एक, तोंडातून निघालं भलतंच
- ही स्लिप्ड आउट: कोणाला न कळता सटकला

स्लाइडशी गल्लत होते. पोरं घसरगुंडीवर मजेत घसरतात ते स्लाइड, केळीच्या बागेत पाणी सोडल्यावर चिखलात अचानक पाय सटकला ते स्लिप.

आणि उच्चार! स्लिप तोडून म्हणा, लांबवलं की स्लीप होतं, म्हणजे झोप. आपल्याकडे ही चूक खूप दिसते, आत्ताच सुधारा.

क्रिकेटमधली स्लिप, स्लिप डिस्क वगैरे नंतर बघू. तुम्ही आधी वरच्या यादीतल्या तिन्हींची स्वतःची वाक्यं लिहून पाठवा, मी नक्की तपासून देतो.