आईबाबांना मागे ठेवून एकटीने परदेशी जाताना

तू लिहिलंयस की लग्न केलेलं नाही, भाऊ त्याच्या संसारात, आईबाबांचं सगळं तूच बघतेस, तर परदेशातली नोकरी घेऊ का. घे. मी ३९ व्या वर्षी अशीच निघाले, आता ११ वर्षं झाली. मी वयाने मोठी असणार, म्हणून तुला 'तू' म्हणतेय.

जबाबदारी मात्र सुटत नाही हं, जे हाताने करायचीस ते फोनवर नि कागदांवर करायला लागतं आणि घरच्यांना मनातून वाटतच असतं की हिला कुठे मुलंबाळं, हिला काय, रजा टाकेल नि येईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०१८ चा अहवाल सांगतो की जगभरात बिनपगारी घरकाम नि सेवाशुश्रूषेचे ७६.२ टक्के तास बायकांचे असतात, आणि घरात एखादी बिनलग्नाची असली की तिला कोणी विचारतही नाही, धरूनच चालतात.

म्हणून आधी भावाशी बस. वहिनीशी नाही, भावाशीच. 'जरा लक्ष ठेव' एवढ्यावर सोडू नकोस, डॉक्टरकडे कोण नेणार, रात्री दोनला फोन आला तर कोण पोचणार, नाव घालून लिहून काढा. मी हे केलं नव्हतं, बाबा पडले तेव्हा दोन दिवस प्रत्येकाला वाटत होतं दुसरा बघतोय, ते अजून सलतं मला.

आईबाबांच्या वतीने सह्या-व्यवहार करायला मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करणार असशील तर वकिलाला एक नक्की विचार, देणाऱ्याची समज गेली तर ते चालू राहतं का? बऱ्याच देशांत साधं मुखत्यारपत्र तिथेच संपतं, म्हणजे ऐन गरजेलाच. उपचार कुठवर करायचे हे आईबाबांना आत्ताच विचार, अवघड जातं, पण विचार.

ऑफरवर सही करायच्या आधी एचआरला विचार की फॅमिलीत कोण धरतात, कारण बऱ्याच ठिकाणी इन्शुरन्सला नवरा नि मुलं एवढेच. आणि आईबाबांना नंतर नेऊ हा हिशोब व्हिसाचे नियम वाचल्याशिवाय करू नकोस, कित्येक देशांत पालकांना कायमचं आणणं फार अवघड आहे.

आणि तुझं कोण बघणार तिकडे? माझं छोटंसं ऑपरेशन होतं तर फॉर्मवर 'घरी न्यायला कोण येणार' असा रकाना, मी तो कोरा ठेवला, नर्स म्हणाली नाव नसेल तर आज होणार नाही. ऑफिसातल्या एकीला फोन केला, जेमतेम ओळख होती, ती आली. आता आम्ही तिघीजणी एकमेकींच्या घराच्या किल्ल्या ठेवतो, फॉर्मवर एकमेकींचीच नावं घालतो.